रविवारचे टाके

जळकोटच्या शाळेतले मार्तंडमास्तर घरी आले की डोक्यावरची टोपी खुंटीला अडकवायचे आणि बायकोकडं बघायच्या आधी चुलीकडं बघायचे. चूल विझलेलीच असायची. ती पेटवणारा माणूस आत्ता कुठं दारातून आत आला होता.

दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या बायकोला, चंद्रप्रभाबाईंना, अर्धांगवायू झाला. अंगणात सडा टाकता टाकता हातातली बादली सुटली, त्या खाली बसल्या आणि पुन्हा आपल्या आपण उठल्या नाहीत. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, सुया टोचल्या, तेल चोळायला सांगितलं आणि धीर धरा म्हणाले. बोलणं हळूहळू परत आलं, पण जड, शब्दाशब्दाला अडखळणारं. उजवा हात आणि उजवा पाय मात्र आलेच नाहीत. एकुलती एक लेक शारदा बार्शीहून येऊन राहिली, पण तिलाही तिचं घर होतं, कडेवर मूल होतं. ती गेली आणि घरात दोघंच उरली.

शेजारची सिद्धम्मा सकाळी येऊन बाईंची आंघोळ आणि वेणी करून जायची. बाकी सगळं मास्तरांवर. आडाचं पाणी, स्वयंपाक, बाईंना भरवणं, कूस बदलून देणं, मग शाळा, आणि शाळेनंतर पुन्हा तेच. शाळेतही सुख नव्हतं. मास्तर निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले आणि उर्दूतूनच शिकवत आलेले. चाळिशी ओलांडल्यावर निजामाचं राज्य गेलं आणि सगळं मराठीतून लिहायची वेळ आली. त्याची जरा सवय होते तोवर जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला, नवे साहेब आले, त्यांच्या तक्त्यांचे नवे नमुने आले. निजामाच्या वेळची शुक्रवारची सुट्टी तर केव्हाच जाऊन रविवारची झाली होती. मास्तरांना आताशा शुक्रवार काय नि रविवार काय, दोन्ही सारखेच. झोपून उठलं तरी अंगातला शीण उतरत नव्हता.

एके काळी याच घरातली सुट्टीची दुपार मोठी सुखाची असायची. नवरा-बायको दोघांना दोन नाद होते. मास्तरांचा नाद पुस्तकांना जिल्द बांधायचा. तरुणपणी नळदुर्गला नोकरीत असताना एका म्हाताऱ्या जिल्दसाजाच्या दुकानात संध्याकाळी बसून बसून ते हे शिकले होते. फाटक्या पुस्तकाची पानं सुटी करायची, त्यांच्या घड्या लावायच्या, त्या घड्या मेण लावलेल्या दोऱ्यानं एकमेकींना गुंतवून शिवायच्या, लाकडी शिकंज्यात आवळून ठेवायच्या, मग खळ लावून पुठ्ठा आणि कापड चढवायचं. कुणाची पोथी असो, कुणाचं जुनं पंचांग असो, मास्तर कौतुकानं ते हातात घ्यायचे आणि नवं करून द्यायचे.

बाईंचा नाद गोधड्यांचा. जुनं लुगडं खाली अंथरायचं, त्यावर धोतराचे थर, आणि सगळ्यात वर चिंध्यांची मांडणी. पोलक्याच्या बाह्या, परकराचे घेर, पुस्तकांच्या पाठीला लावून उरलेल्या कापडाच्या पट्ट्या, सगळं त्यात यायचं. ओसरीवर मास्तर एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. बोलणं फारसं नाही. मधेच मास्तर हात पुढं करायचे, "पाठीला लावायला एखादा जाड तुकडा दे." बाई गाठोड्यात शोधून तुकडा फेकायच्या. दुपार सरायची.

आता शिकंजा कोनाड्यात धूळ खात पडला होता. आणि खाटेच्या समोर ट्रंकेवर बाईंची अर्धी राहिलेली गोधडी होती, सुई टोचून ठेवलेली, तशीच. तिचे टाके कडेपासून सुरू होऊन चौकटी-चौकटीनं आत येत होते आणि मधल्या मोठ्या जागेपाशी थांबले होते. बाई दिवसभर तिच्याकडं बघत पडून असायच्या.

माघातल्या एका रविवारी मास्तरांनी भांडी घासून हात पुसले आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, ती गोधडी उचलून खाटेजवळ बैठक मारली.

"हे... काय?" बाई म्हणाल्या.

"शिवतो जरा."

"तुम्ही?"

"अगं, जन्मभर पुस्तकं शिवली. ही काय वेगळी?"

त्यांनी आपला मेणाचा दोरा काढला, जाड सुईत ओवला आणि पुस्तकाला घालतात तसे टाके घालत गेले. प्रत्येक टाका करकचून ओढायचा, ही त्यांच्या हाताची सवय. हातभर ओळ झाली तेव्हा कापड सुरकुतून गोळा झालं होतं.

बाईंनी डाव्या हाताची बोटं त्यावरून फिरवली. "उसवा."

"अगं, मजबूत झालीय की!"

"आवळू... नका. त्यात माणूस... निजतो."

मास्तर हसले आणि त्यांनी उसवलं. पुढच्या रविवारी पुन्हा बसले. बाईंचं सुरू झालं. टाका लांब आहे. इथं वळायचं नव्हतं. तो तांबडा तुकडा तिकडं नको, निळ्याशेजारी घ्या. चार महिन्यांत त्या इतकं बोलल्या नव्हत्या. मास्तरांच्या मात्र ते ध्यानात आलं नाही. त्यांना फक्त एवढंच कळत होतं की आठवडाभर शाळेत साहेबांचं ऐकायचं आणि उरल्या एका दिवशी घरी बायकोचं.

रस्त्यानं जाता जाता किराणा दुकानवाला पंचाक्षरी ओसरीशी थबकून आत डोकावला. "मास्तर, आता मिशी ठेवायलाव कशाला? काढून टाका की!" म्हणून मोठ्यानं हसला. मास्तरांना राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी नुसती मान हलवली आणि सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिले.

चैत्र लागला. परीक्षा आल्या, पेपर तपासायचे आले, त्यात आड आटला आणि पाण्याला लांब जावं लागलं. एकदा वर्गात फळ्याकडं तोंड करून उभे असतानाच मास्तरांचा डोळा लागला. मागं पोरं खुसखुसली तेव्हा जाग आली. त्या दिवशी घरी येताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ही गोधडी एकदाची संपवून टाकायची. बाईंना पांघरायला मिळेल, आणि रविवार मोकळा होईल.

सिद्धम्माच्या गोधडीला गावात तोड नव्हती. तिचं माहेर आळंदकडचं. ती गोधडीला कवदी म्हणायची. बाईंचा डोळा लागलेला बघून मास्तरांनी ती अर्धी गोधडी बगलेत मारली आणि सिद्धम्माच्या दारात गेले.

सिद्धम्मानं उलगडून बघितली. "बाईचं काम लई चांगलं हाय. मधलं ह्ये कुणी केलंय?"

"मी."

ती तोंडाला पदर लावून हसली. मग गंभीर झाली. "मास्तर, बाईला इचारलं का तुमी?"

"व्हय. तिनंच सांगितलं," मास्तर म्हणाले. खोटं बोलल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. बायकोला आनंदच व्हायचा होता.

ट्रंक रिकामी दिसल्यावर बाईंनी विचारलं. मास्तर म्हणाले, उन्हात टाकलीय, कसर लागत होती. बाई रिकाम्या ट्रंकेकडं बघत राहिल्या.

आठवडा सरायच्या आत सिद्धम्मा गोधडी घेऊन आली. मास्तरांचे टाके तिनं सगळे उसवले होते आणि अशी शिवली होती की बाईंचा हात कुठं संपला आणि तिचा कुठं सुरू झाला, ते कळू नये. मधोमध लहान लहान चौकटी, मुंगीच्या रांगेसारखा बारीक टाका. तिनं ती बाईंच्या अंगावर पसरली.

"बघा बाई. झाली कवदी तुमची."

बाईंनी डाव्या हातानं सावकाश सगळी चाचपली. "छान झाली," म्हणाल्या. "फार छान. बसा, सिद्धम्मा. चहा घ्या."

मास्तरांनी चहा केला. सिद्धम्मा समाधानानं घरी गेली. मास्तर आत आले तेव्हा बाईंनी तोंड भिंतीकडं वळवलं होतं आणि गोधडी पायानं ढकलून खाली टाकली होती, एका पायानं जेवढी ढकलता येईल तेवढी.

संध्याकाळी बाईंनी भाताचा घास घेतला नाही. मास्तरांनी दोनदा चमचा तोंडाशी नेला. तिसऱ्या वेळी मास्तरांनी ताटली जमिनीवर आपटली.

"मी किती करू? सांग ना, किती करू? पाणी आणू, चूल पेटवू, तुझं अंथरूण बघू, साहेबांपुढं उभा राहू, आणि वर सुई धरू? चांगली पुरी करून आणली तर तोंड फिरवतेस?"

बाई एकेक शब्द ओढून आणावा तसं बोलायला लागल्या.

"मला... पांघरायला नको होती ती. पांघरायला आहेत... घरात. मी दिवसभर... पडून मनात शिवायची. पुढची ओळ कुठनं घ्यायची. कुठला तुकडा कुठं. मग रविवारी... तुम्हाला सांगायची. तुम्ही चुकवायचात. मग पुन्हा... आठवडाभर." त्यांना धाप लागली. "आता काय बघू? आढं?"

मास्तर जमिनीवर सांडलेला भात गोळा करायला लागले. शितं बोटांना चिकटत होती. गोळा करता करता ते तसेच खाली बसून राहिले.

"मी फार दमलोय गं," ते म्हणाले.

हे वाक्य इतक्या महिन्यांत त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांपुढं नाही, शारदेपुढं नाही. कुणी विचारलं की ठीक चाललंय म्हणायचे.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मीपण. पडून पडून."

मास्तरांनी उरलेली शितं ताटलीत टाकली.

"नका शिवू," मग बाई म्हणाल्या. "जमेल तेव्हा... दोन टाके घाला. नाही जमलं तर... नाही. पण दुसऱ्याला देऊ नका."

मास्तर उठले. खाली पडलेली गोधडी झटकून त्यांनी घडी घातली आणि नवीन भात वाढून आणला. बाईंनी अर्धा खाल्ला.

सिद्धम्माला खरं सांगावं लागलंच. ती चिडली. "मला खोटं बोलून माझ्या हातून बाईचं काम काढून घेतलं तुमी," म्हणाली आणि घरात निघून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र आंघोळीच्या वेळेला हजर झाली आणि बाईंचे केस विंचरता विंचरता त्यांच्याशी असं काही कन्नड-मराठी मिसळून कुजबुजली की बाई खुदकन हसल्या. मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. आपल्याबद्दलच असणार, एवढं कळलं. ती पुरी झालेली गोधडी शारदेच्या मुलासाठी बार्शीला गेली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर दुपारचे नुसते झोपले. रोज झोपले. बाई त्यांना उठवत नसत. पावसाळा तोंडावर आला तेव्हा कुठं त्यांनी एक दिवस कोनाड्यातला शिकंजा काढून पुसला आणि शाळेतलं एक फाटकं पुस्तक घेऊन बसले. बाईंनी खाटेवरून बघितलं आणि गाठोडं मागितलं. मास्तरांनी ते त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. त्या एका हातानं चिंध्या काढायच्या, खाटेवर पसरायच्या, मोडायच्या, पुन्हा पसरायच्या. दोन-तीन दिवसांनी म्हणाल्या, "हे असं... टाचून द्या."

मास्तरांनी टाचून दिलं. सुईतला दोरा कधी फार घट्ट जायचा, कधी ढिला. कुठल्या रविवारी एक ओळ व्हायची, कुठल्या रविवारी सुईला हातही लागायचा नाही आणि बाई काही म्हणायच्या नाहीत. एक गोष्ट बाईंना साधली. कापडाचं टोक दातात धरायचं आणि डाव्या हातात सुई घेऊन टाका उचलायचा. शिवता येत नव्हतं, पण उसवता यायला लागलं. मग काय, मास्तरांनी रविवारी घातलेलं बुधवारपर्यंत निम्मं उसवलेलं असायचं.

"अशानं ही कधी पुरी व्हायची?" मास्तर कुरकुरायचे.

"घाई... कुणाला?" बाई म्हणायच्या.

घरातलं काम कमी झालं नाही. आड तितकाच खोल होता, साहेब तेच होते, बाईंचा पाय काही हलला नाही. भाद्रपदातल्या एका रविवारी दुपारी मास्तर खाटेला टेकून शिवत बसले होते. बाई वरून सांगत होत्या, इथनं वळा, आता सरळ, आता तो पिवळा घ्या. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी खाली बघितलं. टाका अर्धा घालून मास्तर झोपी गेले होते. मान खांद्यावर पडली होती, सुई बोटांतच होती. बाईंनी हाक मारली नाही. हळूच कलंडून डावा हात खाली नेला, त्यांच्या बोटांतून सुई काढली, गोधडीला टोचून ठेवली आणि डोळे मिटून घेतले.