विहिरीतला दुसरा रोही

चांदूर रेल्वेजवळ उत्तमराव आणि त्याची बायको वच्छला भाजीपाला पिकवत. १९६२च्या उन्हाळ्यात त्यांच्या वावरातल्या अर्धवट खणलेल्या कोरड्या विहिरीत दोन रोही, म्हणजे नीलगायी, पडले. रोह्यांनी वांग्यांची नासाडी केली म्हणून वच्छला रोज शिव्या घाले. पण खालून वर बघणारे ते डोळे पाहून तिची जीभ उचलेना.

सारं गाव लोटलं. गुरांचे सरकारी डॉक्टर देवमन यांनीच दोर लावायला सांगितले. आरडाओरडा, शिट्ट्या, धडपड. अखेर एक रोही वर आला. पाय बांधून त्याला ट्रकमध्ये घातलं, मेळघाटात सोडायला. ट्रक परतेपर्यंत दुसरा तिथंच राहिला. वच्छला त्याला पाणी सोडी, पाला टाकी.

दोन दिवसांनी देवमन मेळघाटातून परत आले.

"गेला तो," ते म्हणाले.

"कोठी लागलं होतं काय त्याले?" वच्छलेनं विचारलं.

"खरचटलंबी नव्हतं. ट्रकातून उतरवला तं मागचे पाय उचलेनात. लघवी काळी झाली. मेल्यावर फाडून पाह्यला. मांडीचं मांस शिजवल्यावानी पांढरं."

"काहून तसं?"

"भेव अन् धडपड. दुसरं काय सांगू? आपण वाचवून राहिलो होतो, अन् तो आतून मरून राहिला होता."

तोवर माणसं दोर घेऊन जमली होती. देवमननी त्यांना परत पाठवलं. विहिरीची एक बाजू खणून उतार करायचा आणि रोह्याला आपल्या पायानं येऊ द्यायचं, असं त्यांनी सुचवलं.

"त्या बाजूनं माही वांगी हायेत," वच्छला म्हणाली.

तिनं विहिरीत डोकावून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "खणा."

कुदळीच्या घावासरशी रोही थरथरे. मग नवरा-बायको थांबत, तो शांत होईपर्यंत बांधावर बसत. दिवस मावळताना उतार तळाला टेकला आणि सगळे निघून गेले.

सकाळी विहीर रिकामी होती. खुरांचे ठसे उरलेल्या वांग्यांतून नाल्याकडे गेले होते.

पुढं आठवडाभर देवमन नाल्याकाठी मेलेलं जनावर शोधत फिरले. सापडलं नाही. एके दिवशी वच्छलेनं त्यांना हाक मारली. "काल झुडपात एक रोही दिसला, डॉक्टरसायेब. तोच असन काय?"

"सांगता येत नाई."

"चालून राहिला होता नीट," ती म्हणाली.