आठ नंबर

"आठ?" बर्नीने चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा वाचली. "गस, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हा आठ आहे की तीन?"

"आठच आहे. टॉलिव्हर, आठ नंबर. उद्या दुपारी येतोय, त्याच्याआधी हवाय. वरून फोन होता."

"आठ तर रूबेनचा आहे."

"मला काय विचारतेस? मी सामान सांभाळतो, माणसं नाही," असं म्हणून गस सटकला. सामानाचा मुख्य म्हणून तीस वर्षं काढल्यावर त्याला एक गोष्ट छान जमायला लागली होती, ती म्हणजे वेळेवर सटकणं.

बर्नीने चिठ्ठी मशीनवर ठेवली आणि वर सुई टोचली. बफेलो स्टीमर्स क्लबाच्या स्टेडियमखाली, धुण्याच्या यंत्रांना लागून असलेल्या या बिनखिडकीच्या खोलीत ती सत्तावीस वर्षं बेसबॉल खेळाडूंच्या पाठीवर त्यांची नावं शिवत होती. आधी अक्षरं एका पट्टीवर शिवायची, मग पट्टी जर्सीवर. पट्टी अशासाठी, की माणूस गेला की ती उसवायला सोपी. क्लबाची माणसांबद्दलची सगळी माया त्या पट्टीत आली, असं बर्नी म्हणायची.

जुलैच्या शेवटच्या दिवशी तिच्याकडे कामाची झुंबड उडे. संध्याकाळी सहापर्यंत क्लबांना आपसांत खेळाडू देता-घेता येत. सहाला दार बंद. मग ऑक्टोबरपर्यंत आहे त्या माणसांवरच भागवायचं. या व्यवहाराला वरच्या मजल्यावर फार भारदस्त नावं होती. बर्नीच्या मते तो गुरांचा बाजार होता, फक्त गुरांना आधी पाणी पाजतात.

वरच्या मजल्यावर स्पेन्सर हेल बसायचा. जनरल मॅनेजर, वय अडतीस, पायांत बूट पण मोजे नाहीत. उभ्या जन्मात त्याने बॅट धरली नव्हती. तो टक्क्यांत बोलायचा. मागच्या आठवड्यात टीम ओळीने पाच सामने हरली तेव्हा प्लेऑफला पोहोचण्याची शक्यता नऊ टक्क्यांवर आली, आणि हेलने 'आपण विकणार' असं जाहीर केलं. मग तळाच्या दोन टीमना सहा सामन्यांत धुतलं, प्लेऑफची शेवटची जागा दोन विजयांवर आली, शक्यता एकतीस टक्के झाली आणि तोच हेल त्याच टीव्हीवर, बहुधा त्याच शर्टात, 'आपण घेणार' म्हणाला. माणसं तीच, त्यांचे दुखरे गुडघे तेच. मंगळवारी जो खेळाडू भंगार होता तो पुढच्या सोमवारी 'आमच्या स्वप्नाचा गाभा' झाला. एवढं मोठं घूमजाव करताना हेलच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

आणि आता टॉलिव्हर. घणाघाती फलंदाज, करार फक्त या मोसमापुरता. म्हणजे दोन महिन्यांचा पाहुणा, आणि त्याच्या बदल्यात खालच्या टीममधली तीन होतकरू पोरं द्यायची. पण बर्नीला त्याचं काही नव्हतं. तिचं लक्ष आठ या आकड्यावर खिळलं होतं.

तिचा एक हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता. येणाऱ्याला जो नंबर शिवायला सांगतात, तो कुणाच्या अंगावर असेल तर तो माणूस गेला. खेळाडूला कळायच्या आधी, त्याच्या बायकोला कळायच्या आधी, खाली तळघरात बर्नी वोयतासला कळायचं. सत्तावीस वर्षांत तिने याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. माणसं तिच्यासमोर बसून सँडविच खात हसायची, आणि ती त्यांच्या जागी येणाऱ्याचं नाव मांडीवर झाकून ठेवायची. तिला या गुपिताचा थोडा तोराही होता.

सव्वादोनला रूबेन अरोयो आला. दरवर्षी याच दिवशी, याच वेळी तो यायचा. कॅचर, वय छत्तीस. फलंदाजामागे उकिडवं बसून बसून दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आता आठवड्यातून एखादा सामना मिळायचा, बाकी वेळ तो चेंडू टाकणाऱ्या पिचर लोकांचा सराव घ्यायचा आणि त्यांची रडगाणी ऐकायचा. आठ वर्षं याच क्लबात. हातात बायकोने, मारिसोलने, तळलेल्या खिम्याच्या करंज्यांचा डबा.

"दोन्या बर्नी, माझं नाव आहे का जागेवर?" त्याच्या पोर्तो रिकोत मोठ्या बाईला दोन्या म्हणतात, आणि तो तिला कधी नुसतं बर्नी म्हणाला नव्हता.

यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, 'गोचिडीसारखं चिकटून बसलंय.' आज ते तोंडातून निघेना.

"अकरा दिवस," रूबेन आपल्याच नादात स्टुलावर बसत म्हणाला. "अकरा दिवसांनी माझी दहा वर्षं पुरी. दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये, त्यातली शेवटची पाच एका क्लबात. मग मला विचारल्याशिवाय हलवता येत नाही. कायदाच आहे तसा."

"माहीत आहे. एप्रिलपासून ऐकतेय."

"इथे यायच्या आधी पाच वेळा मला इकडून तिकडे पाठवलं. एकदा तर मी विमानात होतो, उतरलो तर ज्या टीमकडे चाललो होतो तिनेच पुढे पाठवलेलं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मला ना, एकदाच कुणीतरी विचारायला हवंय. आणि मी नाही म्हणणार. मग खुशाल पाठवा कुठेही."

बर्नी त्याच्याकडे बघत राहिली. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा टेड गेला. पिठाच्या गिरणीत राबलेला माणूस, स्टीमर्सचा एक सामना चुकवला नाही. क्लबाने फुलं पाठवली होती आणि कार्डावर टेडचं नाव चुकवलं होतं. चर्चमध्ये क्लबातला एकच माणूस आला. मागच्या बाकावर बसला, शेवटी शवपेटीला खांदा दिला, आणि काही न बोलता सरावाला निघून गेला.

तिने सुई काढली आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

रूबेनने वाचली. मग डब्याचं झाकण लावलं. "कुठे?"

"ते मला कळत नाही रे. जाणार एवढंच कळतं."

"कधी चुकलंय?"

"अजून नाही."

तो गुडघे चोळत उठला. "आभारी आहे, दोन्या. निदान तुम्ही सांगितलंत."

मग त्याने, नीट वागणारा माणूस जाताना जे करतो ते सगळं केलं. स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला मिठी मारली. पिचरांपैकी प्रत्येकाला बाजूला घेऊन, तुझा चेंडू कधी भरकटतो ते सांगितलं. नऊ वर्षं तेल पाजून मऊ केलेला आपला ग्लोव्ह त्याने टीममधल्या दुसऱ्या कॅचरला देऊन टाकला. मारिसोलला फोन केला. तिने केस कापायचं दुकान अर्ध्यात बंद केलं, एका बाईचे केस एकाच बाजूने कापलेले, आणि घरी जाऊन बॅगा ओढायला लागली. दोन्ही मुली शाळा बदलावी लागणार म्हणून रडत होत्या.

साडेपाचला तो बॅग घेऊन बर्नीच्या खोलीत येऊन बसला. वर सगळ्यांच्या नजरा चुकवाव्या लागत होत्या म्हणे. फोन त्याने मशीनवर ठेवला. दोघंही त्याच्याकडे बघत बसले. पावणेसहा झाले. सहा झाले. सहा दहा झाले. फोन ढिम्म होता.

"मी बघून येते," बर्नी म्हणाली.

वरच्या मजल्यावर ती चार वर्षांनी गेली. हेल खोक्यातला पाला खात होता. मागच्या पडद्यावर आकडे हलत होते.

"बर्नी! या, या. काय म्हणता?"

"आठ नंबर रूबेन अरोयोचा आहे."

"हो ना. टॉलिव्हर शाळेपासून आठ घालतो. त्याच्या एजंटने अटच घातली, आम्ही हो म्हटलं."

"मग रूबेन कुठे चाललाय?"

"रूबेन?" हेलला क्षणभर कळेना. "कुठे नाही. इथेच आहे."

"त्याला सांगितलंत का नंबराचं?"

"गस सांगेल ना. रूबेन समजूतदार आहे." हेलने काटा खाली ठेवला आणि आवाजात आपुलकी आणली. ती त्याला बटण दाबल्यासारखी आणता यायची. "खरं सांगू? मागच्या आठवड्यात विकत होतो तेव्हा मी त्याच्यासाठी सात क्लबांना फोन केले. कुणाला नको होता. फुकटसुद्धा. पण उत्तम माणूस आहे. असा माणूस टीममध्ये असावा."

बर्नीच्या अंगाचा तिळपापड झाला. या शहाण्याच्या पाठीवर काय शिवावं, असा विचार तिच्या मनात आला आणि एकही शब्द पुरेसा वाटला नाही. "तुमच्या दातात पाला अडकलाय," एवढंच ती म्हणाली आणि निघाली.

जिना उतरताना मात्र तिचा राग वाटेत वळून तिच्यावरच आला. हेल तर हेलच होता. पण सत्तावीस वर्षांचा तोरा मिरवत, नको तिथे तोंड उघडून, त्या भल्या माणसाला सगळ्यांच्या गळ्यात पडायला कुणी लावलं? जाणाऱ्याचा निरोप तिने न जाणाऱ्याकडून घेववला होता. सगळ्या क्लबात हसं झालं ते रूबेनचं.

"काय म्हणाला?" रूबेन उभा राहिला.

"तू राहतोयस."

त्याचा चेहरा उजळला. मग नजर चिठ्ठीकडे गेली. "मग आठ?"

"टॉलिव्हरला हवा होता. एजंटने मागितला, त्यांनी दिला."

रूबेन हळूहळू पुन्हा स्टुलावर बसला. "मला विचारायचं ना. दिला असता मी."

"दिला असतास?"

"हसत दिला असता." त्याने चिठ्ठी उलटी करून ठेवली. "मागच्या आठवड्यात विकत होते, तेव्हा माझं नाव होतं का यादीत?"

बर्नी खाली पडलेला दोरा शोधायला लागली. "मला वरचं काय कळतं?"

तो समजला. त्याने मान डोलावली.

"माझी चूक झाली, रूबेन. मी बोलायला नको होतं."

"तुम्ही जे दिसलं ते सांगितलंत. दुसरं कुणी तेवढंही करत नाही."

"मशीन बिघडलंय म्हणून सांगते. येऊ दे त्याला, खेळू दे उघड्या पाठीने."

"नको. नीट शिवा," रूबेन म्हणाला. "आठ वाकडा आला तर त्या पोराच्या पाठीवर दिसेल, हेलच्या नाही."

"तुझा ग्लोव्ह तरी परत घे."

"दिलेलं परत मागू? नवा रुळवीन." त्याने मारिसोलला फोन लावला. "ऐक, बॅगा आत ठेव. नाही, काही झालं नाही. काहीच झालं नाही. त्या बाईला बोलाव आणि उरलेले केस काप." फोन ठेवून त्याने विचारलं, "माझ्यासाठी कुठला आकडा आहे?"

"अठ्ठावन्न, एकसष्ट, सत्त्याहत्तर." हे सरावाला येणाऱ्या कच्च्या पोरांना द्यायचे आकडे होते. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"एकसष्ट बरा. लिहायला सोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नीने 'अरोयो'ची पट्टी एकेक टाका कापून उसवली आणि एकसष्टच्या वर शिवली. टॉलिव्हरचा आठ तिने इतका सरळ शिवला की गसही थांबून बघत राहिला.

पुढचं सगळ्या शहराने पाहिलं. टॉलिव्हरने दोन दिवस चेंडू स्टेडियमबाहेर टोलवले, तिसऱ्या दिवशी धावताना मांडीचा स्नायू धरला आणि तो बाकावर जाऊन बसला. टीम दहापैकी आठ सामने हरली. एकतीस टक्क्यांचे चार झाले. हेल टीव्हीवर आला आणि म्हणाला, निकाल चुकला असेल, निर्णय बरोबर होता. दिलेली तिन्ही पोरं दुसऱ्या क्लबात दाणादाण उडवत होती. त्याबद्दल त्याला कुणी विचारलं नाही, किंवा त्याने ऐकलं नाही.

अकराव्या दिवशी रूबेनची दहा वर्षं पुरी झाली. असं कुणाचं झालं की लॉकररूममध्ये सगळे गोळा होतात, कुणीतरी दोन शब्द बोलतो, शॅम्पेन फुटते. ही फार जुनी रीत आहे. या वेळी टीम आदल्या रात्रीच हरून आली होती आणि प्रत्येकजण आपापल्या लॉकरमध्ये तोंड घालून बसला होता. वरून एक ई-मेल आला. 'प्रिय रूबेन, या टप्प्याबद्दल अभिनंदन.' खाली हेलची सही, तीही यंत्राने घातलेली.

दुपारी तो बाहीची शिवण सुटली म्हणून बर्नीकडे आला. शिवण जेमतेम बोटभर सुटली होती. तिने जर्सी घेतली, पण मशीन सुरू केलं नाही. मशीनखालून जुनी ऑर्डरची वही काढली, कोरं पान उघडलं, चष्मा लावला आणि ताठ बसली.

"मिस्टर अरोयो," ती म्हणाली. "तुम्हाला सिॲटलला पाठवायचं म्हणतोय. तुमची काही हरकत?"

रूबेनला आधी हसू येत होतं. मग ते थांबलं. त्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि विचार केला. सिॲटलचा खरोखर विचार केला असावा, इतका वेळ घेतला.

"हो," तो म्हणाला. "हरकत आहे. मी जाणार नाही."

"जाणार नाही," बर्नीने सावकाश लिहून घेतलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली. "इथे सही करा."

त्याने पूर्ण नाव लिहिलं. आईचं आडनावसुद्धा, जे पट्टीवर कधी मावलं नव्हतं. मग टोपी घालून तो पिचरांच्या सरावाला गेला, आणि बर्नीने बाहीला टाके घातले.