भट्टीवाला आणि मुलामेवाली

लग्न ठरलं तेव्हाच प्रयोगशाळेतले लोक म्हणाले होते, हे विळ्याभोपळ्याचं लग्न. बायको धातूच्या नळ्यांवर मुलामा चढवायची आणि नवरा त्या नळ्या भट्टीत घालून जाळायचा. दोघांनाही त्याचाच पगार मिळायचा.

नळ्या झिर्कोनियमच्या, अणुभट्टीत इंधन ज्यांत भरतात त्या. एरवी गुणी धातू. पण अपघात होऊन पाणी आटलं, बाराशे अंशांची वाफ अंगावर आली, की तो वाफेतला ऑक्सिजन अधाशासारखा गिळतो आणि ठिसूळ होऊन बसतो. त्याला आवर घालायला तिने क्रोमियमचा मुलामा शोधून काढला होता, केसाहूनही पातळ. आधीचे तीन मुलामे भट्टीतून पोपडे सुटून बाहेर आले होते. सासूबाई सुनेच्या बाजूच्या. "मेल्या, बायकोच्या कष्टांची राख करतोस आणि वर जेवायला वाढ म्हणतोस!" असं लेकाला सुनावायच्या.

हा चौथा मुलामा, आणि शेवटचा. कॉलेजात शिकवायची नोकरी चालून आली होती. आज संध्याकाळपर्यंत तिला हो की नाही ते कळवायचं होतं. "ही नळी गेली तर मी आपला खडू हातात घेते," असं ती सकाळी हसत म्हणाली होती. ते हसणं खरं नव्हतं, हे भट्टीवाल्याला कळलं होतं.

पन्नास अंश कमी ठेवले तर कोणाला कळणार होतं? त्याच्या मनात चोर शिरला. बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. खोट्या आगीतून तरलेली नळी तो कोणत्या तोंडाने तिच्या हातात देणार होता? त्याने भट्टी पुरती तापवली, वाफ सोडली आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या बायकोकडे बघायचं टाळलं.

वेळ भरली. नळी बाहेर आली आणि चर्र करून पाण्यात बुडाली. अख्खी होती. आणि चक्क हिरवट! क्रोमियमचा गंज हिरवा असतो; म्हणजे वाफेचा सगळा मार त्यानेच खाल्ला होता. भट्टीवाल्याने टुणकन उडीच मारली.

"नाच नंतर," ती म्हणाली. "आधी बांगडी काप."

बांगडी म्हणजे नळीचं कापलेलं कडं. ते यंत्रात दाबून बघायचं. धातू ठिसूळ झाला असेल तर काचेसारखं तडकतं. तडकली तरी बांगडी 'फुटली' असं तिथे कोणी म्हणत नसे, 'वाढली' म्हणत. त्याने बांगडी कापली खरी, पण यंत्रापाशी त्याचा हात अडला.

"आज नको ना गं. एक दिवस तरी राहू दे अख्खी."

"आधीच्या तिन्ही कशा शीळ घालत जाळल्यास!"

"आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडायचो, त्याचं काय?"

"म्हणून नळ सोडून बसायचास होय! मला वाटायचं, काय स्वच्छ नवरा मिळालाय."

तिने स्वतःच यंत्र सुरू केलं. कडं दबलं, अंड्यासारखं लांबट झालं, आणखी दबलं. सगळी प्रयोगशाळा भोवती गोळा झाली होती. यंत्र टोकाला जाऊन थांबलं. कडं पार चेपलं होतं, पण तडा कुठेच नव्हता.

"नाही वाढली!" कोणीतरी ओरडलं, आणि एकच गिल्ला झाला.

त्या गोंधळातच तिने कॉलेजात फोन लावला.

"मॅडम, मला नाही जमणार यायला... नाही हो, दुसरीकडे कुठे जात नाहीये. माझ्या नवऱ्याला जाळायला काहीतरी लागेल ना!"