गॅस्किनची पाळी

मालमत्ता कराची नोटीस आली त्या सकाळी लोरीन हट्टोने ती दोनदा वाचली, फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली अडकवली आणि नवऱ्यासाठी अंडी फोडायला घेतली. व्हर्नने अंडी खाल्ली, कॉफी प्यायली. नोटीस त्यालाही दिसली होती. पण चाकाच्या खुर्चीत बसल्यापासून, दिसलेलं न दिसल्यासारखं करण्यात त्याचा चांगला हात बसला होता.

घर तेच होतं, दोन खोल्यांचं, पत्र्याच्या छपराचं. खाडीपलीकडे अटलांटाच्या दंतवैद्यांनी सुट्टीचे बंगले बांधले, त्यामुळे अलीकडच्या घरांचे भावही कागदावर चढले आणि कर चौपट झाला. दंतवैद्यांना ते परवडत होतं. हट्टोंचं एक वर्ष थकलेलं होतं, दुसरं थकलं की कौंटी, म्हणजे जिल्ह्याची कचेरी, घर लिलावात काढणार होती.

त्याच वर्षी राज्याने नवा कायदा केला होता. आग विझवणारा, पोलीस किंवा रुग्णवाहिकेवरचा माणूस कामावर असताना कायमचा अधू झाला असेल, तर त्याच्या राहत्या घराचा कर माफ. लोरीनने अर्ज भरला आणि कर कचेरीतल्या मिसेस ओडमच्या हातात नेऊन दिला. आठवड्याने तो परत आला. मिसेस ओडम वाईट बाई नव्हती. तिने फाइल उघडून लोरीनला दाखवली. अकरा वर्षांपूर्वी ज्या आगीत व्हर्न अधू झाला, त्या दिवशी अग्निशमन केंद्रात पाळीवर असलेल्यांच्या यादीत हट्टो हे नावच नव्हतं. अहवालात लिहिलं होतं की व्हर्नन हट्टो सुट्टीवर होता, भोंगा ऐकून घरून आपणहून आगीवर आला आणि जखमी झाला. खाली व्हर्नचीच सही होती. शेजारी अग्निशमन दलाच्या आताच्या प्रमुखाचा ताजा शेरा होता: नोंदीप्रमाणे कामावर नव्हता. सही, कर्टिस गॅस्किन.

ती सही पाहून लोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मिसेस ओडमचा त्यात काही दोष नव्हता, म्हणून तिने आभार मानले, महिनाअखेरच्या अपिलाच्या सुनावणीची तारीख लिहून घेतली आणि बाहेर आली.

व्हर्न त्या दिवशी घरून आगीवर गेलाच नव्हता. सकाळी साडेसहाला तो डबा घेऊन केंद्रावर गेला होता, तो कर्टिसच्या पाळीवर. हार्लन क्रीकच्या केंद्रात पाळी चोवीस तासांची असे, आणि पाळ्यांची अदलाबदल तोंडी चाले. कागदावर करायची तर वरच्या कचेरीची परवानगी लागे, ती येईपर्यंत शिकारीचा हंगाम संपून जाई. म्हणून ज्याच्या जागी आलात, त्याच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला दारातल्या फळीवर टांगायचा आणि चोवीस तास तोच व्हायचं. सगळे त्याच नावाने हाक मारत. त्याच्या वाटणीचा स्वयंपाक तुमचा, त्याच्या वाटणीच्या शिव्याही तुमच्याच. पुढे सवडीने तो तुमची पाळी फेडे आणि त्या दिवशी तुमच्या नावाने वावरे.

तो दिवस हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. कर्टिस पहाटेच रानात गेला. व्हर्नने गॅस्किनचा बिल्ला टांगला आणि न्याहारीची बिस्किटं भाजताना मुद्दाम करपवली, कारण कर्टिसची नेहमी करपत. दहा वाजता गुरांच्या खाद्याच्या गुदामाला आग लागली. छप्पर कोसळलं तेव्हा वायरलेसवर कोणीतरी ओरडलं, गॅस्किन खाली अडकलाय. सवयीने ओरडलं. त्यामुळे दवाखान्यात आधी पोचली ती कर्टिसची बायको. नवरा पाळीवरच आहे असं समजून तासभर ती रडली. नवरा रानात धडधाकट आहे हे कळल्यावर तिने लोरीनला फोन केला. लोरीनने त्या बाईला क्षमा केली होती, पण तो तास ती विसरली नव्हती.

तेव्हाच्या म्हाताऱ्या प्रमुखाने सगळ्यांची नोकरी वाचावी म्हणून अहवाल तसा लिहिला. दवाखान्याचं बिल विमा तसंही देणार होता. कमरेखालचं अंग गेलेल्या व्हर्नने पलंगावर पडल्या पडल्या सही केली. तो प्रमुख आता वारला होता. त्या पाळीवरच्या दुसऱ्या दोघांपैकी एक वारला होता आणि दुसरा फोन उचलत नव्हता.

"तू सांग ना त्यांना," लोरीन रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली.

"अदलाबदल दोघांतच राहते," व्हर्न म्हणाला. "आणि कर्टिसला मार्चमध्ये पेन्शन लागायची आहे."

"आणि आपण राहायचं कुठे? त्याच्या पेन्शनमध्ये?"

व्हर्नने मीठ मागितलं. अकरा वर्षं तो असाच मूग गिळून बसला होता, आणि लोरीनला त्याचा राग येई तितकीच मायाही येई. अशा माणसाशी भांडून उपयोग नसतो हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून कर्टिसच्या घरी गेली.

कर्टिसने तिला बैठकीच्या खोलीत बसवलं, गोड चहा दिला. तो काय म्हणणार हे तिने वाटेतच ओळखलं होतं आणि तो तेच म्हणाला. आता खरं सांगितलं तर त्या दिवसाचा पगार खोटा, अहवाल खोटा, चौकशी, पेन्शन अडकणार. शिवाय कागदावर न घेता पाळी बदलली म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतः एका माणसाला घरी बसवलं होतं. काय तोंडाने सांगू, असं त्याने विचारलं. व्हर्नची एक पाळी माझ्यावर आहे, मी विसरलेलो नाही, असंही तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं.

लोरीनचं लक्ष त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे होतं. तिथे हरणाचं पेंढा भरलेलं मुंडकं होतं, शिंगांना आठ फाटे. लाकडी पाटावर पितळेची छोटी पट्टी, तिच्यावर कोरलेलं: क. गॅस्किन, सकाळी सव्वासात, आणि खाली ती तारीख. आगीची बातमी कळण्याआधीच कर्टिसने हरीण पेंढा भरणाऱ्याकडे टाकलं होतं. त्या कारागिराने आपल्या रिवाजाप्रमाणे पट्टी कोरून वसंतात घरपोच आणून दिलं. लपवावं तर बायकोपुढे अपराध कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून ते भिंतीवर गेलं.

"ते मुंडकं मला दे," लोरीन म्हणाली.

कर्टिसने वळून वर पाहिलं.

"काय करणार त्याचं?"

"व्हर्नच्या पायांच्या बदल्यात आलेलं आहे ते. आमच्याकडे असू दे."

तो पेचकस आणायला आतल्या खोलीत गेला. लोरीन बाहेर गाडीत जाऊन बसली. ती पट्टी दोन बारीक खिळ्यांवर होती, उचकटायला अर्धं मिनिट पुरलं असतं. कर्टिस पंधरा मिनिटांनी आला. मुंडकं चादरीत गुंडाळलेलं होतं. त्याने ते मागच्या आसनावर ठेवलं, शिंगं काचेला लागणार नाहीत असं नीट बसवलं आणि घरात गेला.

लोरीन पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत कशीबशी गेली. तिथे गाडी थांबवून तिने चादर उघडली. पट्टी जागेवर होती, आणि पुसून लख्ख केलेली होती. लोरीन गाडीत बसून रडली. पंपावरच्या माणसाने काच वाजवून बरं नाही का विचारलं, तेव्हा तिने डोळे पुसले.

सुनावणीला व्हर्न यायलाच तयार नव्हता. मी कोणाचं नाव घेणार नाही, म्हणाला. घेऊ नकोस, लोरीन म्हणाली, नुसता बस. कौंटीच्या सभागृहात सुनावणी घेणारे तीन सभासद होते, मधले अध्यक्ष, बाजूला मिसेस ओडम फाइल घेऊन. नोंदीची खात्री द्यायला दलाच्या प्रमुखाला बोलावलेलं होतं. कर्टिस गणवेशात आला आणि मागच्या रांगेत बसला. लोरीनने चादर काढून मुंडकं टेबलावर ठेवलं. सभासदांपैकी एकाला हसू आवरेना. मिसेस ओडमने चष्मा सावरून पट्टी वाचली, मग फाइलमधली तारीख वाचली, मग पुन्हा पट्टी वाचली. फाइल तिने अध्यक्षांपुढे सरकवली आणि यादीवर बोट ठेवलं.

"प्रमुख गॅस्किन," अध्यक्ष म्हणाले, "यादीप्रमाणे त्या दिवशी सकाळी सातपासून तुम्ही पाळीवर होता. मग हे काय?"

व्हर्नने मान खाली घातली. कर्टिस उभा राहिला. हातातली टोपी त्याने खुर्चीवर ठेवली.

"मी रानात होतो, साहेब. पाळीवर गॅस्किन होता, ते बरोबर आहे. त्या दिवशी गॅस्किन तो होता." आणि त्याने व्हर्नकडे हात केला.

पुढे त्याला बरंच विचारलं गेलं, आणि त्याने सगळं सांगितलं. बिल्ल्याचं, वायरलेसचं, बिस्किटांचंसुद्धा. सगळं लिहून घेतलं गेलं. हट्टोंचा कर माफ झाला, थकलेल्या वर्षासकट. कर्टिसचा कागद चौकशीसाठी राजधानीकडे जाणार असं अध्यक्षांनी वाचून दाखवलं, तेव्हा तो हो म्हणाला.

बाहेर उतरणीवर लोरीन खुर्ची ढकलत होती. कर्टिस मागून मुंडकं काखेत घेऊन आला. गाडीत ठेवू का, एवढंच त्याने लोरीनला विचारलं. व्हर्नकडे तो पाहत नव्हता.

केंद्रात अकरा वर्षं एक हिशेब उघडा राहिला होता. व्हर्नच्या नावाची पाळी कर्टिसने कधी केलीच नव्हती, त्यामुळे त्या नावाने त्याला कोणी हाक मारली नव्हती.

"ए हट्टो," व्हर्न म्हणाला.

कर्टिस थबकला.

"आज तुझी पाळी आहे ना? मग ते ध्यान खाली ठेव आणि मला गाडीत बसव. लोरीनची कंबर दुखते."