‘ऑर्थीचा तवा’ कुणी वाजवला

‘ऑर्थीचा तवा’ ही रेकॉर्ड ज्यांनी ऐकली आहे, त्यांतल्या फार थोड्यांच्या लक्षात आलं असेल की तिच्यात ड्रम नाहीत. माउथ ऑर्गन आहे, गिटार आहे, पियानो आहे आणि मागे कसल्यातरी पुठ्ठ्यावर थापा मारल्यासारखा आवाज आहे. एका विद्वानाने यावर आपल्या पुस्तकात दोन पानं खर्ची घातली. म्हणे ज्याच्या नावावर ही रेकॉर्ड आहे त्या क्लीव्ह पेटवेने ड्रम मुद्दाम काढून टाकले, कारण त्याला आजोबांच्या काळचा मोकळा ताल हवा होता. डोंबल! ड्रम नाहीत, कारण ड्रमवाला त्या दिवशी माउथ ऑर्गन वाजवत होता. तो ड्रमवाला मी, व्हर्डेल गिल्यम. आणि त्या थापा क्लीव्हच्या, टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीवर मारलेल्या.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. ऑर्थेलिया, म्हणजे ऑर्थी, माझी थोरली बहीण आणि क्लीव्हची बायको. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्रेचाळिसाव्या रस्त्यावरच्या केस विंचरणाऱ्या एका बाईने ऑर्थीला भर दुकानात क्लीव्हबद्दल असं काही ऐकवलं, की ती तशीच घरी आली, चुलीवरचा बिडाचा तवा उचलला आणि क्लीव्हच्या तोंडावर हाणला. वरचा ओठ फाटला, चार टाके पडले. अशा ओठाने माणसाला साधी शिट्टी वाजवता येत नाही, माउथ ऑर्गन तर सोडाच.

सकाळी दहाला क्लीव्ह तोंडाला टॉवेल लावून माझ्या दारात उभा.

“व्हर्डेल, आज बाजा तू वाजव.”

“आणि ड्रम?”

“ड्रम गेले खड्ड्यात. आज काही हाती लागलं नाही तर दुसरा माणूस बघतो, असं कंपनीच्या मालकाने सांगितलंय मला. कागदावर माझं नाव आहे. टेपमध्ये तुझं तोंड दिसणारेय का कुणाला?”

हे सगळं तो फाटक्या ओठाने बोलत होता, त्यामुळे अर्धं मला अंदाजानेच समजून घ्यावं लागलं.

मिसिसिपीत असताना आम्ही दोघं एकाच बाजावर, म्हणजे माउथ ऑर्गनवर, शिकलो होतो, एक दिवस त्याच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. आमच्यात चांगला मी वाजवायचो. ही बढाई नाही. क्लीव्हसुद्धा तेच म्हणायचा, फक्त चारचौघांत नाही. पण चार माणसांपुढे उभं राहिलो की माझ्या तोंडाला कोरड पडायची, आणि कोरड्या तोंडाने बाजा वाजत नाही. क्लीव्हला माणसं हाताळता यायची, मालकांशी भांडता यायचं, बायकांकडे बघून हसता यायचं. म्हणून तो बँडचा पुढारी झाला आणि मी ड्रमच्या मागे जाऊन बसलो. तिथे मला बरं वाटायचं.

स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, समोर नुसती भिंत. मी एकदाच वाजवलं. काचेपलीकडून मालक म्हणाला, “हेच ठेवा. गाण्याचं नाव काय?” क्लीव्हने ओठ चाचपला आणि म्हणाला, “ऑर्थीचा तवा.” आम्ही पोट धरून हसलो. उन्हाळ्यापर्यंत आमच्या साउथ साइड वस्तीतल्या प्रत्येक दारूच्या गुत्त्यातल्या ज्यूकबॉक्सवर तेच वाजत होतं.

मग पंचाईत झाली. क्लीव्ह जिथे जाईल तिथे लोक ‘तवा’ मागायला लागले, आणि त्याला तो येत नव्हता. सहा आठवडे मी ऑर्थीच्या स्वयंपाकघरात बसून त्याला शिकवलं. ऑर्थी त्याच तव्यात मासे तळत असायची.

“आत ओढ, आत! फुंकतोस काय? कॉफी गार करतोयस का?”

“ओढतोय ना!”

“दुसरं भोक. जीभ खाली. सूर वाकायला पाहिजे रे, मोडायला नको.”

“व्हर्डेल, जरा सबुरीने सांग त्याला,” ऑर्थी म्हणायची. “तुला आलं म्हणजे सगळ्या जगाला येतं का?”

शेवटच्या दिवशी तिने मला दारात अडवलं. आईचं बायबल तिच्या हातात होतं.

“यावर हात ठेव. यापुढे लोकांपुढे बाजा तोंडाला लावणार नाहीस.”

“अगं पण ऑर्थी—”

“हे बाहेर फुटलं तर कुत्रं विचारणार नाही त्याला. माझी तीन पोरं आहेत, व्हर्डेल. तू एकटा जीव आहेस.”

मी हात ठेवला. मला वाटलं, दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे. गाणी काय, येतात आणि जातात.

पण ते गाणं काही जाईना. क्लीव्हच्या पुढे अकरा मोठ्या रेकॉर्ड निघाल्या आणि प्रत्येकीत त्याला ‘तवा’ घालावाच लागला. कंपन्या बदलल्या, गाड्या बदलल्या. आठ गिटारवाले आले आणि गेले. एकाला देव भेटला, एकाला बसवर ड्रायव्हरची नोकरी. क्लीव्ह शिस्तीचा कडक. कुणाच्या शर्टाला इस्त्री नसली, कुणी एक ठोका उशिरा आला, की अंग न वळवता खांद्यावरून असा बघायचा की पुढचा आठवडाभर त्या माणसाची झोप उडावी. माझ्याकडे मात्र त्याने असं कधीच बघितलं नाही. त्याची हिंमतच नव्हती.

जर्मनीत, जपानात लोक जुनी रेकॉर्ड छातीशी धरून सही घ्यायला रांगेत उभे राहायचे. एखादा शहाणा माझ्याकडेही यायचा.

“तुम्ही बँडमध्ये कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“पण ‘तव्या’वर तुम्ही नाही ना?”

“नाही. ‘तव्या’वर नाही.”

हे मी किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. प्रत्येक वेळी मी हसून म्हणायचो आणि हॉटेलच्या खोलीत जाऊन आतल्या आत जळायचो. क्लीव्हचा मला राग यायचा, ऑर्थीचा यायचा, आणि मुकाट्याने बायबलवर हात ठेवणाऱ्या माझा सगळ्यात जास्त.

गेल्या हिवाळ्यात ऑर्थी गेली. तिला पोचवून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. क्लीव्ह कोंबडीची बशी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. त्याने खाल्लं काहीच नाही.

“पुढच्या महिन्यात नवी रेकॉर्ड आहे,” तो म्हणाला. “शेवटचीच म्हण. तेव्हा सांगून टाकतो.”

“काय?”

“काय म्हणजे? कुणी वाजवलं ते. टेप चालू असताना सांगतो, म्हणजे मलाच मागे फिरता येणार नाही. आता ती नाही रे ओरडायला.”

आणि तो भोकाड पसरून रडायला लागला. मीही रडलो, पण खोटं कशाला बोलू, त्या रडण्यात थोडा आनंदही मिसळला होता. मी चौसष्टचा झालो होतो. बायको केव्हाच सोडून गेली, मूलबाळ नाही, गुडघे कामातून गेलेले. माझ्यामागे एवढं एकच राहावं असं मला वाटत होतं, की ती तीन मिनिटं वाजवणारा माणूस मी होतो. याशिवाय मला काही नको होतं.

रेकॉर्डिंग एप्रिलमध्ये, सकाळी अकराला. ते करणारी मिस डोरान चाळिशीची, बारीक, मनाची चांगली बाई. क्लीव्हच्या सगळ्या रेकॉर्डी तिला तोंडपाठ. पहिली दोन गाणी झाली आणि क्लीव्ह माइकपुढे उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळं सांगितलं. टाके, टॉवेल, डिरेक्टरी, बायबल. काहीही लपवलं नाही.

ती हसेल असं मला वाटलं होतं. पण तिचे डोळे भरून आले. ती काचेमागून धावत बाहेर आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

“मिस्टर गिल्यम, मग आज तसंच करू या! तुम्ही बाजा वाजवा, मिस्टर पेटवे डिरेक्टरी. सगळ्या जगाला ऐकू दे.”

याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. आम्हाला वाटलं होतं, सांगितलं की झालं. मी महिनाभर घरी बाजाला हातसुद्धा लावला नव्हता. जे माझंच आहे ते काय घोकायचं, असा माझा तोरा.

क्लीव्हने आपल्या पेटीतून ‘तव्या’च्या सुराचा बाजा काढला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. “वाजव मेहुण्या,” तो म्हणाला. “दाखव त्यांना.”

आता एक गोष्ट सांगायला हवी. ‘तव्या’च्या तिसऱ्या फेरीत एक जागा आहे. सूर वर जाता जाता अचानक खाली घसरतो, आता पडला असं वाटतं, आणि अर्ध्यावर सावरून पुन्हा वर चढतो. ती जागा क्लीव्हला कधीच जमली नाही. स्वयंपाकघरात सहा आठवडे घासूनही जमली नाही, तेव्हा आम्ही नाद सोडला आणि तो तिथे सरळ वर जायला लागला. लोकांना फरक कळला नाही. मला कळायचा. सदतीस वर्षं, रोज, ड्रममागे बसून त्या जागी मी मनातल्या मनात म्हणायचो, ‘चुकलास.’ तेवढ्यावर मी जगलो म्हणा ना.

मी पाणी प्यायलो आणि सुरुवात केली. पहिल्या फेरीत श्वास पुरेना. दुसऱ्या फेरीत जीभ आपोआप जागेवर बसायला लागली. काचेमागे मिस डोरान मान डोलावत होती. तिसरी फेरी आली आणि मी सरळ वर गेलो.

थांबलो. म्हटलं, “पुन्हा घेऊ.”

पुन्हा सरळ वर. तिसऱ्यांदा तेच, चौथ्यांदा तेच. मी डोळे मिटून ती जागा आठवून पाहिली. कानात क्लीव्हच वाजत होता. सदतीस वर्षं रोज ऐकलेला क्लीव्ह, त्याच्या चुकीसकट.

“घाई नाही,” मिस डोरान म्हणाली आणि तिने मूळ रेकॉर्ड मोठ्याने लावली. आम्ही सगळ्यांनी ऐकली. तिसऱ्या फेरीत सूर घसरला, सावरला, चढला. वाजवणारा कुणीतरी तरुण होता, जरा आगाऊच. हा मी, असं आतून कुणीतरी म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी काही म्हणालं नाही. मग मी बाजा तोंडाला लावला आणि पुन्हा सरळ वर गेलो.

मिस डोरानने क्लीव्हकडे पाहिलं. हळूच म्हणाली, “मिस्टर पेटवे, हे तर… तुम्ही वाजवता तसं वाजवतायत.”

“अहो बाई, मी त्याच्याकडूनच शिकलो!”

“हो, हो.” आजारी माणसाशी बोलतात तसा तिचा आवाज झाला. “मेहुण्यावर तुमचा किती जीव आहे ते दिसतंय मला.”

“जीव? अहो, ओठ बघा माझा!” क्लीव्हने मिशी वर करून टाक्यांचा वण दाखवला. तिने तो पाहिला. त्या वणावरून एवढंच कळत होतं की याला कधीतरी कुणीतरी हाणलं होतं. त्या दिवशी स्टुडिओत असलेले मालक, गिटारवाला, पियानोवाला केव्हाच मातीआड गेलेले, साक्षीला कुणी उरलं नव्हतं. क्लीव्हने ऑर्थीची शपथ घेतली, आईची घेतली. जितक्या शपथा घेतल्या तितका तिचा चेहरा अधिक मायाळू होत गेला. गिटारवाला बुटांकडे बघत उभा होता.

मला ते बघवेना.

“जाऊ दे हो बाई,” मी म्हटलं. “गंमत करतोय तो. बायको गेल्यापासून असं काहीबाही सुचतं त्याला. मी ड्रमवाला आहे.”

“व्हर्डेल!” क्लीव्ह ओरडला.

“चल, उशीर होतोय.”

मी असं का म्हटलं हे नंतर त्याने शंभरदा विचारलं. त्याची दया आली म्हणून नाही. त्या क्षणी मी खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. माझी म्हणून जी जागा मी उराशी बाळगली होती, ती माझ्याकडे नव्हती. कधी गेली तेही कळलं नव्हतं. मग वाजवलं होतं कुणी, ते मी कुठल्या तोंडाने सांगू?

मी बाजा क्लीव्हच्या हातात ठेवला आणि ड्रमवर जाऊन बसलो. मला वाटलं, आता क्लीव्ह तो फेकून निघून जाणार. पण त्याने तो तोंडाला लावला, माझ्याकडे वळला, आणि नजर माझ्यावर रोखून ‘तवा’ सुरू केला. तिसरी फेरी आली. माझ्या ओठांवर ‘चुकलास’ तयार होतं.

तो घसरला, सावरला, चढला.

काचेमागे मिस डोरानने दोन्ही हात तोंडावर धरले. गाणं संपल्यावर क्लीव्ह माझ्याकडे आला. घामाने निथळत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत मी त्याला असा खूश कधी पाहिला नव्हता.

“तुझी जागा!” तो म्हणाला. “तुझ्यासाठी घेतली रे मी. रेकॉर्ड कानावर पडली आणि जमली. ऐकलीस ना?”

“ऐकली,” मी म्हटलं आणि काठ्या पिशवीत भरायला लागलो.