दुधाळ थर

मित्रांनो, मी काचेचे एक विलगकारी नरसाळे आहे. आता जुने झाले आहे. माझे पोट पेरूच्या आकाराचे, वर काचेचे बूच, खाली नळी आणि नळीला तोटी. मुंबईच्या एका कारागिराने मला फुंकून घडवले. १९७९ साली पेंढ्यात गुंडाळलेले मी नाशिकला, अंबडच्या एका औषध कारखान्यात आले.

तेथे फिट थांबवणाऱ्या गोळ्या बनत. गोळीत खरे औषध थोडेच असते. बाकी पिठूळ भर. औषध पुरेसे आहे का हे तपासण्यासाठी ते त्यातून वेगळे काढणे हे माझे काम. प्रत्येक औषधाचा आपला स्वभाव असतो. हे औषध सोड्याच्या पाण्यात विरघळते, पण त्यात आम्ल घातले की त्याला पाणी नकोसे होते. मग माझ्यात क्लोरोफॉर्म ओतून मला हलवत. औषध पाणी सोडून क्लोरोफॉर्ममध्ये जाई. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसे. तोटी उघडून तो काढून घ्यायचा, उडवायचा, आणि उरलेल्या पांढऱ्या औषधाचे वजन करायचे.

हे काम पुंजाराम खैरनार करीत. ते सटाण्याकडचे, कमी बोलणारे. मला धुण्याचे काम लंकाबाई पगारे यांचे. त्या मला उजेडाकडे धरून पाहत आणि एक जरी डाग दिसला तरी पुन्हा धूत. एकदा पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "काच अशी हवी." लंकाबाईंनी मान हलवली आणि दुसरे भांडे घेतले.

त्यांच्या मुलीला, सुलाला, लहानपणापासून फिट येत. आमच्याच कारखान्याच्या गोळ्यांनी त्या चार वर्षे थांबल्या होत्या. ती पिंपळगावला द्राक्षे पेट्यांत भरायला जाई.

१९८४ च्या मार्च महिन्यात एक दिवस माल घाईने पाठवायचा होता. ट्रक दारात उभा होता. खैरनारांनी मला हलवून स्टँडच्या कड्यात ठेवले. पाणी आणि क्लोरोफॉर्म यांच्या मध्ये दुधासारखा एक थर राहिला होता. तो फुटायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. खैरनारांनी दाराकडे पाहिले आणि तोटी उघडली. दुधाळ थरही खाली गेला. त्याच्यासोबत सोडा आणि आम्ल मिळून झालेले खारे पाणी गेले, आणि पाणी उडाल्यावर मीठ उरले. वजन बरोबर भरले. ते औषध किती अंशावर वितळते हे पाहायचे राहिले. ते पाहिले असते तर भेसळ लगेच कळली असती. ट्रक गेला.

तीन आठवड्यांनी लंकाबाई चार दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांनी आधी सगळी भांडी धुतली. मग खैरनारांना म्हणाल्या, "साहेब, गोळ्या बदलल्या का आपल्या?"

"नाही. का?"

"सुलीला फिट आली. भाकरी करत होती. हात चुलीत गेला."

"गोळी चुकली असेल."

"नाय चुकली. मी स्वतः देते."

खैरनारांनी त्या मालाचा राखून ठेवलेला नमुना काढला. या वेळी त्यांनी मला कड्यात ठेवले आणि समोर स्टूल घेऊन बसले. थर फुटला. खाली स्वच्छ क्लोरोफॉर्म उतरला. वजन निम्म्याहून थोडेच जास्त भरले. मिश्रण करताना कोणीतरी औषधाचा एक डबा कमी टाकला होता. ती चूक माझ्यापाशी सापडायला हवी होती.

त्यांनी पुन्हा करून पाहिले. तेच आले.

ते मॅनेजरकडे गेले. परत आल्यावर लंकाबाईंसमोर उभे राहिले. "बाई, गोळ्यांत औषध कमी होतं. मी थांबलो नाही. चूक माझी आहे."

लंकाबाईंच्या हातात मी होते. त्यांनी मला घट्ट धरले नाही, सोडलेही नाही.

"तिची बोटं एकमेकांना चिकटली साहेब," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतो, सुटायची नाहीत."

बाईंनी नळ सुरू केला आणि मला विसळले. मला तेव्हा काय वाटले, ते मला सांगता येत नाही. पाणी थंड होते, एवढे आठवते.

खैरनारांना दुसऱ्या खात्यात टाकले. त्याआधी त्यांनी प्रत्येक दुकानाला गोळ्या परत मागणारे पत्र स्वतः लिहिले. सुलाला चांगल्या गोळ्या मिळाल्या आणि फिट थांबल्या. द्राक्षांचे काम मात्र गेले. लंकाबाई आणखी तीन वर्षे येत राहिल्या. पुढच्या रसायनतज्ज्ञाने तोटीला हात लावला की त्या ओल्या हातांनीच जवळ येऊन उभ्या राहत. "थर बसू द्या," एवढेच म्हणत. तो थांबे.

पुढे मोजणी करणारे यंत्र आले आणि मी कपाटात गेले. माझी तोटी आता अडकली आहे. कोणी वळवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू स्वच्छ ठेवा, जपा. पण तेवढ्याने भागत नाही. ज्याच्यासाठी काम करता तो माणूस समोर नसतो, तेव्हाही त्याच्यासाठी थांबा. त्या मालाची चाळीस खोकी गेली होती. एकतीस परत आली. उरलेल्या नऊ खोक्यांतल्या गोळ्या कोणाकोणाच्या घरी पोहोचल्या, हे कोणालाच कळले नाही.