बंधू ऑर्टलीबांची किल्ली

"किल्ली द्या बघू, बंधू. पेटी पुसतो नि लगेच परत देतो," हेन्के तिसऱ्यांदा म्हणाला.

पलंगावरच्या बंधू ऑर्टलीबांनी गळ्यातला दोरा मुठीत घट्ट आवळला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसरा हात पलंगालगतच्या पेटीवर होता, तो तिथून हलायला तयार नव्हता.

"नाही द्यायचा तो," खिडकीजवळच्या पलंगावरून आंधळे झायबोल्ट म्हणाले. "लिथुआनियात अकरा महिने खड्ड्यात कैदेत पडला होता, तेव्हा तिथल्या सरदाराला त्याने भीक घातली नाही. तू कोण लागून गेलास रे हेन्क्या?"

"तुम्ही जरा गप्प बसाल का, बंधू?"

"डोळे गेले, गुडघे गेले. जीभ तेवढी राहिलीय. ती पण गडावर जमा करू का?"

हेन्के पुन्हा किल्लीकडे वळला. एरवी त्याने उलट उत्तर दिलं असतं. या दोघांची रोज सकाळी जुंपायची, आणि ज्या दिवशी जुंपायची नाही त्या दिवशी झायबोल्टना जेवण जायचं नाही. पण आज हेन्केला भांडायला सवड नव्हती.

सत्तावीस वर्षांपूर्वी थुरिंगियातल्या एका चांभाराचा हा मुलगा चालत चालत प्रशियात आला होता. जर्मन सरदारांच्या या पंथात शिरायचं, पवित्र मातेसाठी तलवार चालवायची, एवढं एकच वेड डोक्यात होतं. पंथाने त्याला घेतलं, पण चांभाराच्या पोराला सरदारांचा पांढरा झगा कुठला मिळायला! करडा झगा मिळाला, त्यावर अर्धा क्रूस मिळाला, आणि तलवारीऐवजी हातात आलं म्हाताऱ्या सरदारांचं मुताचं भांडं. पहिली दोन वर्षं तो रडला. मग रडायला वेळ मिळेना. तेव्हापासून गडावरचे अठ्ठावीस म्हातारे त्याच्या हातावर गेले, आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव त्याला पाठ होतं. कुणाला लापशी पातळ लागायची, कोण झोपेत कुणाचं नाव घ्यायचं, हेही ठाऊक होतं. माणूस म्हणून हेन्के साधा होता, थोडा बावळटही होता, पण आजाऱ्यांच्या त्या खोलीत त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

या बावळटपणानेच आता घात केला होता.

गेल्या हिवाळ्यात ऑर्टलीबांची बुद्धी फिरली. आपण अजून लिथुआनियात, त्या खड्ड्यातच आहोत असं त्यांना वाटू लागलं. जेवताना ते पावाचा तुकडा मोडून अर्धा खायचे आणि अर्धा उशीखाली दडवायचे. उशीखाली उंदीर झाले. एका सकाळी उंदराने म्हाताऱ्याचं बोट चावलं, तेव्हा हेन्केला राहवलं नाही. त्याने सुताराकडून एक लाकडी पेटी आणली, पाव त्यात ठेवला. पण पेटीचं झाकण सारखं उघडं राहायचं. म्हणून लोहाराकडून त्याने एक लहानसं कुलूपही आणलं, किल्ली दोऱ्यात ओवली आणि ऑर्टलीबांच्या गळ्यात घातली. त्या दिवशी म्हातारे पहिल्यांदा शांत झोपले. हेन्के स्वतःवर इतका खूश झाला की त्या संध्याकाळी त्याने बिअरचा एक घोट जास्त घेतला.

करायला गेला एक नि झालं भलतंच. या गडावर कुणाच्याही मालकीचं काही नसतं. सरदाराचा घोडासुद्धा त्याचा नसतो, आज आहे, उद्या दुसऱ्याला देतील. पेटी असली तरी तिला कुलूप लावायचं नाही, हे पंथाच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे आणि दर रविवारी मोठ्याने वाचलं जातं. हेन्केने ते हजार वेळा ऐकलं होतं, आणि हजार वेळा ऐकलेलं कोण ऐकतो? पावाचे तुकडे ही आजारी माणसाची खोड होती. कुलूप लावल्याबरोबर ती मालमत्ता झाली. आणि ज्या बंधूजवळ मरताना मालमत्ता सापडेल, त्याला तटाच्या आत, इतर बंधूंच्या शेजारी जागा नाही. त्याला बाहेर, खंदकापलीकडच्या शेतात, प्रार्थनेशिवाय पुरायचं.

जुन्या किल्लेदाराने काणाडोळा केला असता. नवे किल्लेदार गेरलाख शरद ऋतूत आले होते आणि उपवासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधी ते गडाची प्रत्येक खोली स्वतः तपासणार होते. आज दुपारच्या प्रार्थनेनंतर आजाऱ्यांच्या खोलीची पाळी होती. आणि काल गडाच्या न्हाव्याने, वैद्याचं कामही तोच करायचा, ऑर्टलीबांची नाडी बघून सांगितलं होतं, "रविवार काही दिसत नाही यांना."

पहाटे हेन्केने कात्री आणली होती. दोऱ्याला ती नुसती टेकली, आणि म्हातारे असे किंचाळले की झायबोल्ट पलंगावरून खाली पडता पडता वाचले. हेन्केने कात्री फेकून दिली. मरणाऱ्या माणसाच्या गळ्यातून ओरबाडून घ्यायचं, हे त्याच्याच्याने होईना.

"हेन्क्या," आता झायबोल्ट हळू आवाजात म्हणाले. "तो पाव तो स्वतःसाठी नाही ठेवत."

"मग?"

"विगांडसाठी. खड्ड्यात दोघं होते. आपण त्यांची गावं जाळत होतो, त्यांनी या दोघांना धरलं. वरून रोज एक पाव टाकायचे, दोघांत एक. विगांडला ताप आला, तो खाईना. एका दिवशी याने सगळा पाव एकट्याने खाल्ला. उद्याचा त्याला देऊ म्हणाला." झायबोल्टनी तोंड खिडकीकडे वळवलं. "विगांडने उद्या बघितलाच नाही."

हेन्के पलंगाच्या कडेवर बसला. "इतकी वर्षं मी यांचे पाय चोळतोय. मला कधी बोलले नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

"नाही विचारलं." हेन्केला स्वतःची लाज वाटली. लापशी पातळ हवी की घट्ट, एवढंच त्याने आयुष्यभर विचारलं होतं.

बाहेर अंगणात घोडे फिरवत होते, त्यांच्या टापांचा आवाज येत होता. हेन्के उठला. त्याने पलंगाला वळसा घातला आणि भिंतीच्या बाजूने खाली वाकून ऑर्टलीबांच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"ऑर्टलीब," तो म्हणाला. बंधू नाही, तुम्ही नाही. "ऑर्टलीब, अरे मी विगांड."

ऑर्टलीबांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावरून बराच वेळ फिरत राहिले.

"तुला ताप आहे," ते म्हणाले.

"उतरला. बघ हात लावून."

सुरकुतलेला हात हेन्केच्या कपाळावर आला. कपाळाला दरदरून घाम फुटला होता.

"उतरला की रे," ऑर्टलीब म्हणाले. "विगांड, मी तुझा पाव खाल्ला."

"माहीत आहे मला."

"सगळा खाल्ला रे. कडा पण."

"भूक लागली होती तुला. मी असतो तर मीही खाल्ला असता." हेन्के आणखी जवळ सरकला. "ऐक. वरून दोर सोडलाय. आपल्याला सोडताहेत, घरी जायचंय."

"घरी?"

"हो. पण लांब चालायचंय. मला भूक लागलीय."

हे ऐकून म्हातारे एकदम घाईला आले. त्यांनी दोरा डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला. तो कानाला अडकला. हेन्केने मदत केली नाही, करावीशी फार वाटली तरी केली नाही. शेवटी दोरा निघाला. ऑर्टलीबांनी किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं एक एक करून मिटली.

"सगळा तुझा," ते म्हणाले. "मला नको. तू खा."

हेन्केने पेटी उघडली, वरचा एक तुकडा घेतला आणि त्यांच्यादेखत खाल्ला. पाव दगडासारखा झाला होता, चावता चावता त्याची दाढ दुखली. ऑर्टलीब त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो घास गिळल्यावर त्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा त्यांचा श्वास चालू होता, प्रार्थना संपून किल्लेदार जिना चढू लागले तेव्हा थांबला होता. पेटी कुठे हलवायला हेन्केला सवडच मिळाली नाही. तो त्यांचा हात धरून बसला होता.

किल्लेदार गेरलाख आत आले. तिशीतला उंच माणूस, बोलायला मोजका. त्यांनी मृताजवळ गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली, आणि उठताना त्यांची नजर पेटीवर गेली.

"हे कुलूप कुणाचं?"

"माझं," हेन्के म्हणाला. "लोहाराकडून मी आणलं. त्याला विचारा."

"आणि पेटी?"

"माझीच. किल्ली ही बघा." त्याने मूठ उघडली.

किल्लेदारांनी झाकण वर केलं. "पाव? तू स्वयंपाकघरात जाऊन येऊन असतोस. तुला पाव लपवायची काय गरज?"

"भूक लागते, महाराज."

"सगळे अर्धेच तुकडे आहेत."

हेन्केने किल्ली पुन्हा मुठीत घेतली. किल्लेदार खिडकीकडे वळले. "बंधू झायबोल्ट, आपण या खोलीतच असता. आपण काय पाहिलंत?"

"मी?" झायबोल्ट म्हणाले. "मी सहा वर्षांत काही पाहिलेलं नाही."

किल्लेदारांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, नि लगेच जागेवर आला. ते ऑर्टलीबांकडे बघत उभे राहिले. म्हाताऱ्यांच्या गळ्याभोवती वर्षभराच्या दोऱ्याचा बारीक वळ उमटला होता. तो त्यांना दिसला की नाही कोण जाणे. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली, एवढं मात्र हेन्केने बघितलं.

"एक वर्ष," ते म्हणाले. "क्रूस काढून ठेव. जेवायला जमिनीवर बसायचं, काम गड्यांबरोबर करायचं. नियम मी केलेला नाही, हेन्के."

"नाही, महाराज."

"बंधू ऑर्टलीबांना आतल्या दफनभूमीत पुरा."

हेन्केने मान खाली घातली. आपल्याला हसू येतंय की रडू, हे कुणाला दिसू नये असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गड्यांना खड्डा खणायचं काम निघालं, आणि हेन्के आता गड्यांतलाच होता. त्याच्या करड्या झग्यावर जिथे अर्धा क्रूस होता तिथलं कापड न विटता गडद राहिलं होतं. तटाच्या आत, दोन जुन्या थडग्यांमध्ये, जमीन दगडासारखी गोठलेली. आधी तिच्यावर लाकडं जाळावी लागली. त्याच्या जोडीला सांतिर्मे होता, इथल्या मूळ प्रशियन लोकांपैकी. त्याच्या आज्याने या पांढऱ्या झग्यांशी लढाई केली होती, नातू त्यांच्यासाठी खड्डे खणत होता, आणि या गोष्टीवर तो रोज एकदा तरी थुंकायचा.

"तुम्ही कशापायी खणता, बाबा?" तो म्हणाला. "हात बघा, फोड आले. तुमचं काम पाय चोळायचं."

"तू खण रे."

दोघे खणत राहिले. दुपार कलायला आली तेव्हा सांतिर्मेने पहार टेकवली, खड्ड्यात उतरून पावलांनी लांबी मोजली नि वर बघून म्हणाला, "झालं. माणूस मावतोय आरामात."

"नाही मावायचे," हेन्के म्हणाला.

"अहो, साऱ्यांना हेच माप असतं!"

"साऱ्यांना असेल. हे उंच होते. पलंगसुद्धा पुरायचा नाही त्यांना, पाय उघडे पडायचे. मी दिवसातून चारदा पांघरूण ओढायचो." हेन्केने फोड आलेल्या तळव्यांवर फुंकर घातली. "आता ओढायला कुणी नाही. अजून एक वीत घे."

सांतिर्मेने त्याच्या तोंडाकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला, पण थुंकला नाही. त्याने पहार उचलली, आणि दोघे पायाकडची कडा तासू लागले.